बेताच्या पगारात गाडी: कुठली घ्यावी, कशी तपासावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पगार बेताचा, घरात चार माणसं, कामाच्या पाळ्या अशा की जाता-येता बस मिळत नाही, आणि रोजचं येणं-जाणं मिळून ४० किलोमीटर. साठवलेली एक रक्कम हाताशी आहे. तेवढं डाउन पेमेंट भरलं तर सात वर्षांच्या हप्त्यांवर नवी छोटी गाडी मिळते. तेवढ्याच पैशांत ओळखीतल्या एकाची १२ वर्षं जुनी, एकेकाळची महागडी, चामड्याच्या सीटांची मोठी गाडीही मिळते. आणि त्याहून थोड्या कमी पैशांत सहा-सात वर्षं वापरलेली साधी हॅचबॅक. कुठली घ्यावी?

माझं उत्तर तिसरी. आता का ते सांगतो, आणि तिसऱ्या प्रकारातली नेमकी कुठली घ्यायची तेही, कारण खरी मेहनत तिथेच आहे.

गॅरेज चालवताना एक गोष्ट सतत दिसते. खरेदीच्या किमतीने माणूस सहसा बुडत नाही, तो एका महिन्यात अडकतो. विमा भरायची तारीख आलेली असते, पुढचे टायर संपत आलेले असतात, आणि नेमका त्याच आठवड्यात क्लच जातो. हाताशी पैसे नसतात म्हणून गाडी उभी राहते, गाडी उभी म्हणून कामावर खाडे पडतात, आणि मग दुरुस्तीसाठी मिळेल त्या व्याजाने पैसे उचलले जातात. पगार चांगला असेल तर हाच महिना नुसता वैतागाचा असतो. पगार बेताचा असेल तर त्यातून वर यायला वर्ष जातं. म्हणून गाडी निवडताना ‘आत्ता परवडते का’ हे विचारून भागत नाही. तिचा सगळ्यात वाईट महिना आपल्याला झेपेल का, हे विचारायचं.

त्यातून पहिला नियम निघतो: साठवलेले सगळे पैसे गाडीवर घालायचे नाहीत. किमान चौथा हिस्सा, जमल्यास तिसरा हिस्सा मागे ठेवायचा. हे पैसे सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिमचे नाहीत. जुन्या गाडीत पहिल्या सहा महिन्यांत काहीतरी निघतंच, त्याचे ते आहेत. मागे काही ठेवून जी गाडी घेता येत नाही ती आपल्या बजेटमधली नाही, मग किमतीचा आकडा बजेटमध्ये बसो वा न बसो.

आता ती चामड्याच्या सीटांची गाडी. ती स्वस्त का आहे? दहा-बारा वर्षांत गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्ट्सची उतरत नाही. नवी असताना जी गाडी छोट्या गाडीच्या चौपट किमतीची होती, तिचा हेडलाइट, तिचा गिअरबॉक्स, तिचा शॉकअप आजही चौपटीच्या हिशोबातच येतो. त्यात अशा गाड्यांमध्ये बिघडण्याजोग्या वस्तूच जास्त. सीटच्या मोटरी, सनरूफ, काहींमध्ये हवेवर चालणारं सस्पेन्शन, आणि प्रत्येकामागे एकेक कंट्रोल युनिट. जिथे तिथे सेन्सर. विकणारा प्रामाणिक असेलही. पुढचं मोठं बिल येण्याआधी गाडी काढून टाकणं हा त्याच्या बाजूने शहाणपणाचाच व्यवहार आहे. एका हवेच्या सस्पेन्शनच्या कामात साध्या हॅचबॅकचा दोन-तीन वर्षांचा मेंटेनन्स निघतो. ओळखीतली आहे म्हणून भीड पडत असेल तर सरळ सांगा की मेकॅनिकने नको म्हटलं. आमच्या नावावर अशा गोष्टी खपवायला आमची हरकत नसते.

नव्या गाडीचं गणित वेगळं आहे. ती बिघडणार नाही, वॉरंटी असेल, हे खरं. पण हप्ता हा दर महिन्याचा वाईट महिना आहे. आकडे बघा. उदाहरणादाखल १,००,००० चं कर्ज धरा, वर्षाला १० टक्के, घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच व्याज. तीन वर्षांत फेडलं तर हप्ता सुमारे ३,२२७ आणि एकूण परतफेड सुमारे १,१६,१६०. पाच वर्षांत हप्ता २,१२५, एकूण १,२७,४८०. सात वर्षांत हप्ता उतरून १,६६० होतो, पण एकूण १,३९,४५० भरावे लागतात. शोरूममध्ये समोर ठेवला जातो तो १,६६० चा आकडा. आणखी एक: दोन वर्षं नेमाने हप्ते भरल्यावरही या कर्जातले ७८,००० च्या आसपास बाकीच असतात. एवढ्या काळात नवी गाडी आपल्या किमतीचा मोठा हिस्सा घालवून बसलेली असते, कारण उतार सगळ्यात जोरात असतो तो पहिल्या दोन-तीन वर्षांत. डाउन पेमेंट कमी भरलेलं असेल, तर नोकरी गेल्यावर गाडी विकूनही कर्ज फिटत नाही अशी वेळ येते.

आणि ‘फ्लॅट रेट’ हा शब्द कानावर आला तर खुर्ची पुढे ओढून नीट बसा. फ्लॅट १० टक्के म्हणजे शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज, जणू तुम्ही काहीच फेडलेलं नाही. पाच वर्षांसाठी तो दर प्रत्यक्षात वर्षाला १७ टक्क्यांच्या वर जातो. ‘महिन्याला किती जमेल तुम्हाला?’ या प्रश्नाचं उत्तर कधीच द्यायचं नाही. तुम्ही आकडा सांगितला की वर्षं वाढवून कुठलीही गाडी त्या आकड्यात बसवता येते. बोलणं एकूण किमतीवरच ठेवायचं. कर्ज घ्यावंच लागलं तर तीन वर्षांत फिटेल एवढंच घ्या, आणि मुदतीआधी फेडल्यास दंड लागतो का ते सहीआधी वाचा.

तर तिसरी गाडी. सहा-सात वर्षांची म्हणजे सगळ्यात मोठा उतार पहिल्या मालकाने सोसलेला, आणि रबर-लोखंड अजून थकलेलं नाही. चार ते आठ वर्षं हा पट्टा मला सगळ्यात बरा वाटतो.

मॉडेल कुठलं? रस्त्यावर जे सगळ्यात जास्त दिसतं ते. ऐकायला कंटाळवाणं आहे, पण जी गाडी भरपूर खपली तिचे पार्ट्स कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, कंपनीबाहेरचे चांगले पर्यायी पार्ट्स निघालेले असतात, मोडीत निघालेल्या गाड्यांतून चालू स्थितीतला आरसा किंवा दरवाजा मिळतो, आणि कुठल्याही मेकॅनिकने ती शंभर वेळा उघडलेली असते. टोयोटा कोरोला १९६६ पासून पाच कोटींहून जास्त खपली. जगात कुठेही ती अडली तर पार्टवाचून फार दिवस पडून राहत नाही, याचं निम्मं श्रेय तिच्या इंजिनाला आणि निम्मं या आकड्याला. तुमच्या भागात तिची जागा दुसरी कुठली तरी गाडी घेत असेल. आजूबाजूच्या टॅक्सीवाल्यांनी काय ठेवलंय ते बघा. त्यांना गाडीवर पोट भरायचं असतं, हौस भागवायची नसते. फक्त टॅक्सी म्हणून चाललेली गाडी स्वतः विकत घेऊ नका.

इंजिन साधं घ्या. लहान पेट्रोल, टर्बो नसलेलं, मॅन्युअल गिअरचं. डिझेलचं अ‍ॅव्हरेज चांगलं असतं, पण इंजेक्टर, हाय-प्रेशर पंप, टर्बो यातलं काहीही निघालं तर बिल बेताच्या पगाराला झेपणार नाही असं येतं. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला. त्यातली काजळी जळायला गाडी अधूनमधून बराच वेळ सलग वेगात धावावी लागते. रोज २० किलोमीटर गर्दीतून जाऊन थांबणाऱ्या गाडीत तो तुंबतो.

अ‍ॅव्हरेजच्या आकड्यांनी मात्र फार वेडं होऊ नका. तुमचं रोजचं ४० म्हणजे महिन्याला साधारण १,००० किलोमीटर. लिटरला १० देणारी गाडी १०० लिटर पिईल, १५ देणारी ६७, आणि २० देणारी ५०. म्हणजे १० वरून १५ वर गेल्यावर ३३ लिटर वाचतात, १५ वरून २० वर गेल्यावर १७ आणि २० वरून २५ वर गेल्यावर अवघे १०. जाहिरातीत २२ आणि २४ ची लढाई चालते, ती तुमच्या खिशात महिन्याला जेमतेम चार लिटरची. तेवढ्यासाठी दुप्पट धावलेली गाडी पत्करणं वेडेपणा आहे. उलट १० देणारी थोराड गाडी ‘स्वस्तात मिळतेय’ म्हणून घेतली तर ती रोज वसुली करते.

ऑटोमॅटिक पायाला सुख देते हे मान्य, पण जुन्या ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स गेला तर छोट्या गाडीत त्याचं बिल गाडीच्या निम्म्या किमतीला भिडू शकतं. गुडघ्याचा त्रास वगैरे कारण असेल तरच घ्या, आणि गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं त्याची पावती मागा. ‘याचं ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही’ असं कोणी म्हणालं तर कोणाचं आयुष्य ते विचारा.

वरच्या मॉडेलचा मोह टाळा. एकाच गाडीच्या खालच्या मॉडेलला १४ इंची लोखंडी रिम असते आणि वरच्याला १६ इंची अलॉय. दिसायला अलॉयच छान, पण त्या मापाचा टायर महाग, त्याची भिंत बुटकी, त्यामुळे खड्ड्यात टायर फुगतो आणि रिमही वाकते. साधी लोखंडी रिम वाकली तर बहुतेकदा ठोकून सरळ होते. टायरचा एक सेट साधारण ४०,००० किलोमीटर चालला असं धरलं, तर तुमच्या वापरात तीन-साडेतीन वर्षांनी चार टायर येणार. तेव्हा हा फरक कळतो.

आता तपासणी. इथे मी लांबण लावणार आहे, कारण एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांमध्ये दोन मॉडेलांपेक्षा जास्त फरक असतो.

गाडी बघायला जाण्याआधी विकणाऱ्याला फोनवर सांगायचं: मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बोनेटवर तळवा ठेवायचा. गरम लागलं तर काही ना काही लपवलं जातंय असं समजायला हरकत नाही, कारण इंजिनाचे निम्मे आजार थंड असतानाच बोलतात. गार असेल तर बोनेट उघडा. ऑइलची पट्टी काढून पुसा, पुन्हा घालून काढा. ऑइल काळं असणं हा दोष नाही. पातळी खाली असणं हा आहे, कारण ज्याने पट्टी बघितली नाही त्याने बाकीचंही बघितलेलं नसतं. मग ऑइल भरायचं झाकण काढून उलटं करा. आतून दुधाळ, फेसाळ, कॉफीच्या साईसारखा थर असेल तर दोन शक्यता. गाडी फक्त जवळच्या जवळ फिरवली गेली असेल आणि आत दमट वाफ साठली असेल, किंवा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील, जाऊन पाणी ऑइलमध्ये मिसळत असेल. दोन्हींत फरक करायला कुलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची टाकी बघा. तिथेही ऑइलचा तवंग किंवा गढूळपणा असेल तर हात पुसून घरी जा. झाकण उघडून बघायचं ते इंजिन गार असतानाच. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडून भाजलेली माणसं कमी नाहीत.

मग चावी अर्धी फिरवा, सेल्फ मारू नका. डॅशबोर्डवरचे सगळे इशाऱ्याचे दिवे लागले पाहिजेत: इंजिन, ऑइल, बॅटरी, एअरबॅग, एबीएस. इंजिन चालू झाल्यावर ते थोड्या वेळात विझले पाहिजेत. सुरुवातीला इंजिनचा किंवा एअरबॅगचा दिवा लागलाच नाही, तर बिघाड दुरुस्त करण्याऐवजी दिवाच बंद केलेला असू शकतो. ही जुनी युक्ती आहे आणि अजून चालते, कारण न लागलेल्या दिव्याकडे कोणी बघत नाही.

सेल्फ मारताना एकाला सायलेन्सरपाशी उभं करा आणि स्वतः कान द्या. पहिल्या दोन-तीन सेकंदांत पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येऊन थांबला, तर टायमिंग चेन किंवा तिचा ताण धरणारा भाग सैल पडलेला असू शकतो. धूर बघा. गारठ्यात पांढरी वाफ येऊन विरते, तो धूर नव्हे. दाट पांढरा, गोडसर वासाचा, इंजिन तापल्यावरही चालूच राहणारा धूर म्हणजे कुलंट जळतंय. निळा म्हणजे गाडी ऑइल खातेय. फक्त चालू करताना एक झुळूक आली तर वाल्व्हचे सील, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा, आणि दुसरं काम पहिल्यापेक्षा कितीतरी महाग. काळा म्हणजे इंधन जास्त जातंय, तो बहुधा आटोक्यातला आजार.

गाडी तशीच १५-२० मिनिटं जागेवर चालू राहू द्या, एसी लावून. तापमानाचा काटा मध्याच्या आसपास येऊन स्थिर राहिला पाहिजे आणि रेडिएटरचा पंखा सुरू झाला पाहिजे. या वेळात बाहेरून फिरून घ्या. दरवाजा, बोनेट, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का? बोनेटच्या बिजागरीच्या आणि फेंडरच्या बोल्टांवरचा रंग पान्याने उडालेला दिसतो का? काचांच्या कोपऱ्यात बनावटीच्या वर्षाचा छोटा कोड असतो. एकच काच बाकीच्यांहून नवी असेल तर विचारा. बंपर रंगवलेला असणं काही मोठं नाही, शहरात चाललेल्या कुठल्या गाडीचा नसतो? पण डिकीतलं स्टेपनी उचलल्यावर खालच्या पत्र्याला सुरकुत्या किंवा हाताने केलेलं वेल्डिंग दिसलं, तर मागून जबर धडक बसलेली आहे.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी धुऊन, सुगंध मारून विकली जाते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. गाडी साफ करणारे सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण बेल्टचा आतला गुंडाळलेला भाग बहुतेक विसरतात. तिथे चिखलाची रेघ किंवा डाग सापडला तर पुढे बघायचं काही उरत नाही. सीटच्या खालच्या रुळांवर गंज असेल तीही तीच खूण. अशा गाडीचं वायरिंग पुढे वर्षानुवर्षं एकेक करून दगा देतं.

मीटरवर किती विश्वास ठेवायचा? मागे फिरवायला वेळ लागत नाही, पण बाकीची गाडी मागे फिरवता येत नाही. ३५,००० दाखवणाऱ्या गाडीच्या ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचा वरचा भाग चकचकीत आणि ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड खचलेली असेल तर मीटर खोटं बोलतंय. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. मूळ टायर ४०,००० च्या आत बदलावे लागत नाहीत सहसा. त्यामुळे कमी किलोमीटरच्या गाडीवर तिच्या वयापेक्षा बरेच नवे टायर दिसले तर का, ते विचारा. आणि टायर सहा वर्षांच्या पुढचे असतील तर नक्षी कितीही खोल दिसो, किमतीतून चार टायर वजा करा.

चालवताना रेडिओ बंद, काचा खाली. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून हळू गोल फिरा. पुढच्या चाकातून टकटक आली तर अ‍ॅक्सलचा जॉइंट गेलाय. मग सरळ रस्त्यावर कमी वेगात वरचा गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला पण गाडीने वेग घेतला नाही, तर क्लच प्लेट संपलेली आहे. मागे कोणी नाही बघून जोरात ब्रेक मारा: गाडी एका बाजूला ओढते का, स्टिअरिंग थरथरतं का. खराब रस्ता शोधून त्यावरून न्या. विकणारा त्या रस्त्याला नको म्हणाला तर तिथूनच न्या.

अलीकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना डॅशबोर्डखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं, गाडीने नोंदवलेले बिघाड त्यातून वाचता येतात. मोबाईलला जोडणारा छोटा स्कॅनर स्वस्तात मिळतो. त्यात नुसते एरर कोड बघून थांबू नका. कोड पुसून टाकले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्या ‘अपूर्ण’ दाखवतात आणि काही दिवस नीट चालल्यावरच पूर्ण होतात. कोड एकही नाही आणि चाचण्या मात्र बऱ्याचशा अपूर्ण, याचा अर्थ बॅटरी काढली गेली होती किंवा तुम्ही येण्याआधी कोणीतरी कोड पुसले. ‘बॅटरी कालच बदलली’ हे उत्तर खरंही असू शकतं. बॅटरीवरची तारीख बघा.

एवढं सगळं तुम्ही करा, आणि तरी शेवटी एका मेकॅनिकला पैसे देऊन गाडी लिफ्टवर चढवून दाखवा. तो तुम्ही शोधलेला हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. खालून गंज, गळती, चासीचा वाक हे वरून दिसत नाही.

कागदपत्रांत तीन गोष्टी पुरेशा. गाडीवरचा १७ अक्षरी चासी नंबर कागदांवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. गाडीवर जुनं कर्ज बाकी नाही याचा लेखी पुरावा हवा. आणि त्याच चासी नंबरावर कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉल तपासा, म्हणजे काही दोषामुळे कंपनीने ही गाडी परत बोलावली आहे का ते. तकाता कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण माहीत असेल: उष्ण आणि दमट हवेत त्यांच्या आतलं रसायन वर्षानुवर्षं बिघडत जातं आणि अपघातात एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात. त्यात अनेक कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि माणसंही दगावली. रिकॉलचं काम कंपनी फुकट करते, फक्त कोणीतरी गाडी नेऊन द्यावी लागते, आणि जुन्या गाडीचे मालक बदलत गेल्याने नेमकं तेच राहून जातं.

सुरक्षेवर कात्री लावू नका, पण तिचा अर्थ नीट समजून घ्या. क्रॅश टेस्टचे तारे ज्या वर्षी दिले त्या वर्षाच्या कसोट्यांचे असतात. २०१२ चे पाच आणि २०२२ चे पाच यांची तुलना होत नाही. घसरणारी गाडी सावरणारं ईएससी अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलांपासून आणि युरोपात २०१४ च्या अखेरीपासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं. इतरत्र ते असेलच असं नाही, म्हणून विचारून घ्या. दोन सारख्या गाड्यांत एकीला ईएससी असेल तर थोडे जास्त पैसे तिच्यावर घाला. टचस्क्रीनसाठी घालू नका.

जुन्या इलेक्ट्रिक गाडीबद्दल विचारणारेही असतात. घरी चार्जिंगची सोय असेल आणि बॅटरीची उरलेली क्षमता मोजून मिळत असेल, तर रोजच्या ४० किलोमीटरला ती उत्तम बसते. बॅटरीचा रिपोर्ट नसेल तर नको. तिथे वाईट महिना म्हणजे एकच बिल, आणि ते गाडीएवढं.

गाडी पसंत पडली की तपासणीत निघालेल्या गोष्टी कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर दुरुस्तीचा अंदाज. घासाघीस त्या कागदावरून करायची. ‘काहीतरी कमी करा हो’ म्हटल्यावर काहीतरीच कमी होतं. ‘क्लच आणि दोन टायर, हा त्यांचा खर्च’ म्हटल्यावर समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

ताब्यात आल्यावर पहिल्या आठवड्यातच मागे ठेवलेल्या पैशांतून इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कुलंट आणि ब्रेक ऑइल बदला. विकणारा म्हणेल ‘नुकतंच केलंय’, पावती नसेल तर केलेलं नाही. इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल तर तोही. साधारण ६०,००० ते १,००,००० किलोमीटर किंवा ठरावीक वर्षं, जे आधी येईल तेव्हा तो बदलायचा असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. बऱ्याच इंजिनांत चालत्या गाडीत तो तुटला की पिस्टन आणि वाल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिनच खोलावं लागतं. बेल्ट बदलताना पाण्याचा पंप बेल्टवरच चालत असेल तर तोही त्याच वेळी बदला, मजुरी एकदाच लागते. मग कामाची तारीख आणि मीटरचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून बोनेटच्या आत चिकटवा, आणि महिन्याच्या पगारातून हप्त्याऐवजी एक ठरलेली रक्कम वेगळी टाकायला लागा. टायर, विमा आणि पुढचा क्लच त्याच पैशांतून येणार आहेत.